निफाडवरून गेलेली रात्रीची गाडी

निफाड,
१६ जानेवारी

ती. स्व. नानाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा निरोप दादाच्या फोनवरून मिळाला. काचबिंदूमुळे छापील अक्षर सुटलं, बडोद्याच्या घरात दिवसभर चालणारा टीव्ही नकोसा होतो, आणि नातवाने मोबाइलमध्ये ‘फुकट पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी’ घालून दिलं आहे. त्यातलं काय ऐकावं, एवढंच तुम्ही विचारलंत. फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण माझी शिफारस व्हिक्टोरियाच्या काळातल्या विज्ञानकादंबऱ्यांची, म्हणजे गाठ वेल्स आणि व्हर्नशी आहे, तेव्हा पत्रच बरं. वहिनी वाचून दाखवतील.

सुरुवात आपल्या गावापासून करायला हवी. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’मधला फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईत उतरतो आणि त्याच रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. कल्याण येतं, घाट येतो, रात्रीतून गाडी नासिक ओलांडते, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर खानदेशाची सपाट शेतं असतात. नासिकनंतर एकदम खानदेश! मधलं खेरवाडी नाही, निफाड नाही, उगाव नाही, लासलगाव नाही. जगाला वळसा घालायला निघालेला तो इंग्रज आपल्या घरामागच्या रुळांवरून गेला, आणि व्हर्नसाहेबांनी तेवढ्यात पान उलटलं. पुस्तक वाचताना हे वाक्य नजरेतून सहज निसटतं. ऐकताना मात्र एक अमेरिकन आवाज ‘नॅसिक’ म्हणतो आणि माणूस उशीवरून मान उचलतो.

पुढची गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग मार्च १८७० मध्येच जोडून पुरा झाला होता. तरी व्हर्नने अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपवले, कारण त्याला फॉगला हत्तीवर बसवायचं होतं. त्या हत्तीची किंमत फॉग मोजतो दोन हजार पौंड. हाच व्हर्न १८८० साली ‘वाफेचं घर’ नावाची कादंबरी लिहितो. तिच्या पहिल्याच पानावर ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी औरंगाबादेत एक जाहिरात लागलेली आहे: नानासाहेब पेशव्यांना जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास इनाम. किती? दोन हजार पौंड. पेशव्याचं शिर आणि प्रवासी हत्ती एकाच भावात! पुढे नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत लपतात आणि दुसरीकडे वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती दोन घरं ओढत हिंदुस्थानभर फिरतो. कादंबरी म्हणून ती ढिली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण आपल्या मुलखाची नावं फ्रेंच लेखकाच्या तोंडून आणि इंग्रजी आवाजात ऐकण्यासाठी दोन-तीन प्रकरणं जरूर ऐका.

नातवाने जे घालून दिलं आहे त्याचं नाव बहुधा लिब्रीव्हॉक्स. ह्यू मॅग्वायर नावाच्या माणसाने २००५ च्या ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलमधून ते सुरू केलं. हक्क संपलेली पुस्तकं जगभरचे हौशी लोक घरी बसून वाचतात आणि ते ध्वनिमुद्रण सगळ्यांना मोकळं असतं. प्रत्येक प्रकरणाआधी ही संस्थेची ध्वनिफीत असून सर्वांसाठी खुली आहे, अशी घोषणा येते. पहिल्यांदा वैताग येतो, मग कीर्तनातल्या ‘पुंडलिक वरदे’सारखी सवय होऊन जाते. हौशीपणाचे भोगही आहेतच. कुणाच्या मागे कुत्रं भुंकतं, कुणी घाईघाईत शब्द गिळतो, आणि सामूहिक वाचन असेल तर दर प्रकरणाला आवाज बदलतो. काल स्कॉटलंडच्या आजोबांसारखा बोलणारा नायक आज टेक्सासमधली तरुणी होतो. तुमच्यासाठी ‘सोलो’ असं लिहिलेलं, म्हणजे एकाच वाचकाचं ध्वनिमुद्रण निवडायला दादाला सांगा.

आंधळ्यांसाठी बोलणारी पुस्तकं ही कल्पनाही या कादंबऱ्यांच्याच काळातली. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहून काढले. त्या यादीत ही पुस्तकं होती. प्रत्यक्ष यायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

आता ऐकायचं काय? पहिला मान वेल्सच्या ‘टाइम मशीन’ला, १८९५. साधारण साडेतीन तासांची. उगाव रस्त्यावरचा एक बागायतदार, दहावीला तुमच्याच हाताखालून गेलेला, ती बागेत बसून ऐकतो. शेतीची थ्री-फेज वीज रात्रपाळीला आली की ठिबक चालू करून जागं राहावं लागतं. त्यात सध्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतोय, म्हणजे पहाटे शेकोट्या पेटवून घड जपायचे दिवस. इंग्रजी त्याचं बेताचं, म्हणून वेग कमी करून ऐकतो. त्याने जे सांगितलं ते कुठल्या समीक्षकाने सांगितलेलं आठवत नाही. ‘सरांना कळवा,’ म्हणाला, ‘हे कीर्तन आहे. आधी पूर्वरंग, मग आख्यान.’

आणि आहेच तसं! पहिल्या प्रकरणात जेवणानंतर मंडळी बसली आहेत आणि यजमान चौथ्या मितीचं निरूपण करतो. श्रोत्यांत डॉक्टर आहे, मानसशास्त्रज्ञ आहे, फिल्बी नावाचा एक वादाची खुमखुमी असलेला गृहस्थ आहे. हा झाला पूर्वरंग. पुढच्या गुरुवारी तोच यजमान लंगडत, मळक्या कोटात, अनवाणी मोज्यांनी दारात उभा राहतो. आधी मटण मागतो, पोटभर जेवतो, मध्ये कुणी बोलायचं नाही अशी अट घालतो, आणि मगच आख्यान लावतो. पुढची जवळजवळ सगळी कादंबरी म्हणजे त्याचं बोलणं आहे. वेल्सने ती लिहिली खरी, पण रचली सांगण्यासाठी. छापील पानावर ती अवतरणचिन्हांत कोंडलेली होती.

बागायतदाराची दुसरी गोष्ट जास्त खरी. इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोहोचलेल्या प्रवाशाला जागोजागी खोल विहिरी दिसतात. तो वाकून कान देतो तर आतून यंत्राची धडधड ऐकू येते. जमिनीखाली राबणाऱ्या मॉरलॉकांची ती पहिली चाहूल. बागायतदाराने कानातले इअरफोन काढले. धडधड चालूच होती. त्याच्याच विहिरीवरची मोटर. ‘घाम फुटला,’ म्हणाला, ‘एवढ्या थंडीत.’

‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ हळू ऐका. वेल्स तेव्हा वोकिंगला राहत होता आणि सायकलवर फिरून आसपासची कुठली गावं मंगळवाल्यांकडून जाळून घ्यायची हे ठरवत होता. त्यामुळे कादंबरीभर खऱ्या ठिकाणांची नावं येत राहतात. तिथल्या माणसाला काय वाटलं असेल ते समजायचं तर वोकिंगच्या जागी निफाड घाला, हॉर्सेलच्या माळावर पडलेलं नळकांडं नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीत टाका, आणि नाशिककडे धावणारी गर्दी चांदोरीच्या पुलावर अडकलेली पाहा. कादंबरीची मूळ कल्पना वेल्सच्या भावाशी झालेल्या बोलण्यातून निघाली होती. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांवर युरोपीय लोक उतरले तसे आपल्यावर आकाशातून कुणी उतरले तर? पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाचं नाव घेतो. साम्राज्याच्या ऐन भरात एका इंग्रजाने इंग्रजांना पायाखालच्या माणसाच्या जागी उभं केलं.

ही कादंबरी ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये १८९७ च्या एप्रिल ते डिसेंबरात क्रमशः येत होती. ते साल आपल्याकडे कसलं? जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरांत घुसत होते, आणि २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तिकडे लंडनच्या मासिकात मंगळाचे अजिंक्य राज्यकर्ते सूक्ष्म जंतूंनी मरत होते. वेल्सला पुण्याची काय वार्ता असणार! पण दोन्ही गोष्टी एका कानात पडल्या की एकमेकींशी बोलायला लागतात. शेवटी निर्मनुष्य लंडनमध्ये एका मंगळयंत्राचा दोन सुरांवर हेलकावणारा हुंदका येत राहतो आणि मध्येच थांबतो. वाचताना तो शब्द होता. ऐकताना त्यानंतरची शांतता अंगावर येते.

‘इनव्हिजिबल मॅन’ मध्ये एक बारीक घोटाळा आहे. ऑडिओबुकमध्ये सगळेच अदृश्य! तरीही तो दचकवतो, कारण वेल्सने अदृश्य माणसाचं सगळं अस्तित्व शिंकेवर, पावलांवर आणि खोलीत कुणी नसताना आलेल्या आवाजावर उभारलं आहे. आयपिंग गावच्या लोकांची बोली मात्र जड जाईल. स्टीव्हन्सनचा ‘जेकिल आणि हाइड’ तीन तासांत उरकतो, पावसाळी रात्रीसाठी ठेवा. ‘फ्लॅटलँड’ कानाने ऐकू नका. भूमितीच्या मास्तरला त्याच्या आकृत्यांविना तळमळ होईल.

व्हर्न तसा व्हिक्टोरियाचा प्रजाजन नव्हे, पण इंग्रजी घराघरांत तोही त्याच कपाटात असे. त्याच्याबाबत एकच सूचना: वाचक कोण हे पाहण्याआधी अनुवादक कोण ते विचारा. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’चा मर्सिअरने केलेला जुना इंग्रजी अनुवाद बदनाम आहे. सुमारे पाचवा हिस्सा त्याने कापला आणि विज्ञानाचे आकडे चुकवले. कितीतरी पिढ्या व्हर्नला विज्ञान येत नाही असं समजत राहिल्या ते या माणसामुळे. एफ. पी. वॉल्टर यांचा पुरा अनुवाद मिळाला तर तो घ्यावा. त्यानंतर ‘मिस्टीरियस आयलंड’ ऐका. तिथे मरणाच्या दारात कॅप्टन निमो आपली ओळख सांगतो: बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला. ते प्रकरण वहिनींना आणि पोरांनाही बसवून ऐकवा.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारणारच. मराठीत विज्ञानकथा आली ती व्हर्नच्याच बोटाला धरून. कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः छापली जात होती. मग भा. रा. भागवत आले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची व्हर्नची रूपांतरं वाचताना तो मूळचा फ्रेंच होता असा संशयसुद्धा येत नाही. ऑडिओबुकं मराठीत आता रुळली आहेत. स्टोरीटेल २०१७ च्या अखेरीस भारतात आलं तेव्हा इंग्रजी-हिंदीच्या जोडीला पहिल्यापासून मराठी होती. हक्कांचा हिशेब मात्र विचित्र आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. वेल्स १९४६ मध्ये गेला, म्हणजे २००७ पासून त्याला मराठीत आणून वाचायला कुणाची परवानगी नको. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणून त्यांची मराठी २०६१ संपेपर्यंत परवानगीशिवाय जाहीर वाचता येत नाही. इंग्रजी मूळ मोकळं आणि मराठी कुलुपात, अशी गत. कुणीतरी ‘टाइम मशीन’ नव्याने मराठीत उतरवून एखाद्या कसलेल्या कथाकथनकाराच्या तोंडी द्यायला हवी. मिरासदार-शंकर पाटलांना गावोगाव रात्री जागून ऐकलेली आपली माणसं आहेत, ती कंटाळायची नाहीत.

आज १६ जानेवारी, म्हणून आणखी एक. आपल्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. व्हिक्टोरिया त्यानंतर सहा दिवसांनी, २२ तारखेला. म्हणजे न्यायमूर्तींचं सबंध आयुष्य त्या राणीच्या कारकिर्दीत मावलं. पुण्यात १८७८ साली भरलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष तेच. आणि २०२१ च्या डिसेंबरात ते संमेलन चौऱ्याण्णवाव्या खेपेला नाशिकला भरलं तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर, विज्ञानकथाकार. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. ज्यांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या खोट्या नावाने स्पर्धेत पहिली विज्ञानकथा पाठवली, त्यांचं नाव रानड्यांच्या यादीत असं येऊन बसलं.

आता घरचा एक वाद सोडवा. ओसरीवर कंदील मध्ये ठेवून तुम्ही पोरांना वाचून दाखवायचात. साडेनवाच्या सुमारास मालगाडी आली की भिंती थरथरायच्या आणि तुम्ही ओळीवर बोट ठेवून थांबायचात. शेवटचा डबा गेला की त्याच शब्दापासून पुढे. दादा म्हणतो पुस्तक ‘समुद्र सैतान’. धाकटी म्हणते ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’, कारण धूमकेतू पृथ्वीला घासतो त्याच क्षणी गाडी आली आणि ती काकूच्या पदरात शिरली. दोघंही शपथेवर सांगतात. खरं काय ते कळवा. लिहायचा त्रास नको. मोबाइलवर मायक्रोफोनचं चिन्ह दाबून धरून बोलायचं असतं, नातू दाखवेल. आणि ते वाचन आठवत असेल तर थोडं त्याच आवाजात.

कळावे, आशीर्वाद असावा.

आपला पुतण्या