दोन बादल्या, चार फडके

इंजिनीअरिंगला येणारा प्रत्येक जण गाडी डिझाईन करायची स्वप्नं पाहतो, धुवायची कोणीच पाहत नाही. त्यामुळे आम्ही दोघा रूम पार्टनरांनी दर रविवारी गाड्या बाहेरून धुऊन चमकवून द्यायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या विंगने आमचा यथोचित सत्कार केला. "काहून बे, बीई होऊन हेच करायचं होतं का?" इथपासून "माझी सायकल पण घे, उधारीवर" इथपर्यंत सगळं ऐकून झालं.

कारण साधं होतं. काटोलकडच्या आमच्या बागेत यंदा संत्र्याचा आंबिया बहार गळला आणि घरून मेसचे पैसे मागायला जीभ रेटेना. दोघांचं मिळून भांडवल २,००० रुपये. पहिली गाडी मिळणार होती ती डिपार्टमेंटच्या एका सरांची: काळी, कर्जावर घेतलेली, हप्ते चालू असलेली. तिच्यावर एक ओरखडा आला तर धंदा बंद, आणि वायव्हाला सरांसमोर उभं राहायचं ते वेगळंच.

म्हणून खरेदीच्या आधी आम्ही थोडा अभ्यास केला (परीक्षेशिवाय पहिल्यांदाच!). गाडीच्या रंगावर क्लिअरकोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जेमतेम निम्मी. चमक दिसते ती या थराची. आता आपल्या नागपूरची धूळ बघा. तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात, आणि मोह्जच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांच्या गाडीवर वरून औष्णिक केंद्राची राखही बसते. अशा गाडीवर सकाळी-सकाळी कोरडा फडका मारणे म्हणजे पॉलिश पेपर घासणे. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक या फडक्याचेच.

इथेच आमचं खरेदीचं सूत्र ठरलं: पहिला पैसा चमकेवर नाही, माती सुखरूप उतरवण्यावर. दुकानात नेमकं उलटं असतं. समोरच्या फळीवर चमकेच्या रंगीत बाटल्या आणि फडके कुठेतरी खाली कोपऱ्यात.

सीताबर्डीवरून २० लिटरच्या दोन बादल्या घेतल्या, ३४० रुपये. एक शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. हातमोज्यासारखा वॉश मिट शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि पुन्हा शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी भाजीची प्लास्टिकची चाळणी उलटी ठेवली की माती खाली बसते, मिटला परत लागत नाही. हीच जाळी परदेशी नावाने भारी भावात मिळते. मिट १८० रुपयांचा. स्पंज स्वस्त पडतो, पण त्याच्या सपाट अंगावर खडा अडकला की तो तसाच गाडीभर फिरतो.

फडके मायक्रोफायबरचे, चार नग, ४८० रुपये. इथे कंजुसी करू नका. लेबलवर ८० टक्के पॉलिएस्टर, २० टक्के पॉलिअमाइड आणि ३०० ते ४०० जीएसएम असं दिसलं की सुरुवातीला पुरे. जुनी बनियान फुकट असते हे मान्य, पण तिच्या शिवणी ओरखडे काढतात. आमचा एक नियम आहे: जमिनीवर पडलेला फडका त्या दिवशी बाद. नंतर तो फक्त टायरला. धुताना इतर कपड्यांत टाकायचा नाही आणि कम्फर्टसारखं काही घालायचं नाही, नाहीतर त्याची पाणी शोषायची ताकद जाते.

शाम्पू एक लिटर, ३३० रुपये. आता विंगचा ठरलेला प्रश्न: "धुण्याची पावडर दहा रुपयांत येते, मग?" ती अल्कलाईन असते, मळाबरोबर गाडीवरचं वॅक्सही धुऊन नेते. गाडीचा पीएच न्यूट्रल शाम्पू एका धुण्याला ३० मिली लागतो. म्हणजे एका बाटलीत ३३ धुणी, धुण्याला १० रुपये. हिशेब तोच झाला की! किंमत बाटलीवर नाही, एका गाडीमागे काढा.

उरला वॅक्स, २०० ग्रॅमची डबी ४५० रुपये. पातळ थर दिला तर पंधराएक गाड्या होतात. थ्री एम, फॉर्म्युला वन, टर्टल वॅक्स, आपल्याकडचं वॅक्सपोल, नावं बरीच आहेत. पण नावापेक्षा डबीवरचा शब्द वाचा. वॅक्स गाडीवर थर चढवतो, तर कंपाउंड आणि बहुतेक पॉलिश क्लिअरकोट घासून कमी करतात. त्या निम्म्या कागदातून जे गेलं ते परत येत नाही. म्हणून कंपाउंड आणि मशीन आम्ही घेतलंच नाही. शिकाऊ माणसाने दुसऱ्याच्या गाडीवर ते शिकू नये. डिझेलचा फडका मारून काही ड्रायव्हर गाडी चकाचक करतात, तेही नको. तेलकट अंगावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ बसते. टायरचा ब्रश आणि फवारणीची बाटली १२० ची. एकूण झाले १,९००. उरलेल्या शंभरात दोघांचे तर्री-पोहे.

पाणी मात्र विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे त्याचा विचार कोणी करत नाही. बोअरचं पाणी जड असतं. ते पत्र्यावर वाळलं की कॅल्शियमचे पांढरे डाग राहतात आणि मग तेच घासत बसावं लागतं. आम्ही शेवटचं पाणी पेंचच्या नळाचं मारतो आणि लगेच पुसतो. कूलरच्या आरओमधून वाया जाणारं पाणी टायरला चालेल, शेवटच्या पाण्याला नाही, कारण गाळलेले सगळे क्षार त्याच्यातच असतात. बादलीने एक गाडी ४० लिटरमध्ये होते. पाईप मिनिटाला १० लिटर धरला तरी वीस मिनिटांत २०० लिटर जातात. मे महिन्यात वॉर्डन सरांना हा आकडा आवडला! आणि उन्हात हे काम करायचंच नाही. नवतपात बोनेटला हात लावून बघा. शाम्पू पाण्याआधी वाळतो.

आता त्या सत्काराबद्दल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. बाबा बैल धुतात, पळसाच्या पानाने त्यांच्या खांद्याला तूप-हळद लावतात. जू जिथे घासतं तिथेच हात जास्त वेळ फिरतो. त्याला कोणी हलकं काम म्हणत नाही. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, तेव्हाही ती आदल्या दिवशी कोणीतरी धुतलेली असते. मग धुणाऱ्याच्या हातालाच लाज का लागावी? सरांची गाडी पुसून झाल्यावर त्यांनी बोनेटवर ट्यूबलाईट पाहिली, दोनदा वाकून पाहिली, आणि पुढच्या रविवारी शेजारच्या क्वार्टरची गाडी पाठवली. या महिन्याचं मेसचं बिल घरी न कळवता भरलं गेलं.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी आमच्या बादल्या येऊन बघाव्यात, सूत्र फुकट सांगू. आणि स्टाफपैकी कोणाला गाडी द्यायची असेल तर रविवारी सकाळी सातच्या आत होस्टेलमागच्या कडुलिंबाखाली लावा. फक्त एक विनंती, येण्याआधी कोरडा फडका मारू नका.