इंचात आटे किती?

"बंदूक, आणि तीही सेकंडहँड?" व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यभर पिंपरीत लेथ चालवलेला माणूस! आणि मी ओहायोत, टार्गेट शूटिंगच्या नादाला लागलेला. ग्रीन कार्ड येईपर्यंत मित्राच्या रायफलीवर भागवलं. आता स्वतःची बांधायची होती.

खरं सांगू? घेत होतो ती नुसती अ‍ॅक्शन. म्हणजे बॅरल आणि दस्ता सोडून मधला गाभा, बोल्टसकट. इथल्या कायद्याला मात्र तीच बंदूक, त्यामुळे परवानाधारक दुकानात फॉर्म भरणं आलंच.

नवीन घेतली असती तर वॉरंटी मिळाली असती. पण केल्बलींची ही जुनी 'पांडा' हातात घेतली, बोल्ट एका बोटाने मागे ओढला आणि संपलंच! बॅरल काय, काही हजार गोळ्यांत झिजतं, बदलतं. अ‍ॅक्शन राहते.

"इंचात आटे किती?" बाबांनी अचानक विचारलं.

"18. रेमिंग्टन 700 ला 16 असतात."

"म्हणजे तिचं तयार बॅरल हिला बसणार नाही. लेथवाला गाठ." मग चष्मा चढवत, "बोल्टचे ते दोन कान आहेत ना, त्यांना निळा लाव. बोल्ट बंद कर, उघड. दोन्हीकडचा रंग सारखा पुसला पाहिजे. एकाच कानावर भार येत असेल तर घेऊ नकोस."

रंग सारखा पुसला. फोटो पाठवले.

"घे," उत्तर आलं. "आईला लेथचा पार्ट सांगितलाय."