आत्या, पाच गावं एका दिवसात उरकू नकोस

जेनोआ

ती. आत्यास,


तू पाठवलेला कार्यक्रम वाचला. वहीच्या पानाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. समासातल्या लाल शाईच्या खुणा बघून कळलं, निवृत्त झालीस तरी भूगोलाच्या बाई अजून तासावर आहेत. रोम तीन दिवस, फ्लॉरेन्स दोन, मिलान दोन, आणि मधे एका ओळीत 'चिंक्वे तेर्रे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५'. बाकीच्या कार्यक्रमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. या एका ओळीवरून मात्र तुझ्याशी भांडायचं आहे.

ही पाच गावं म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. नकाशात जेनोआ आणि ला स्पेत्सिया यांच्यामधे बोट ठेव, ला स्पेत्सियाच्या जवळ. डोंगर इथे सरळ समुद्रात उतरतो. सपाट जमीन अशी नाहीच. म्हणून माणसांनी ती तयार केली. हजारेक वर्षं पिढ्यान्‌पिढ्या उतारावर दगड रचले, मागे माती भरली आणि त्या अरुंद पट्ट्यांत द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबं लावली. आपल्या गुहागरच्या आगराला आजोबांनी घातलेला गडगा आठवतो ना? तसेच हे गडगे, फक्त समुद्रापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत एकावर एक चढत गेलेले. चुना नाही, सिमेंट नाही. फटींतून पावसाचं पाणी झिरपून जातं, म्हणूनच भिंत टिकते. फटी बुजवल्या की पाणी मागे तुंबतं आणि भिंत फुगून कोसळते.

या भिंतींना दरवर्षी हात लावावा लागतो. तरुण मंडळी कामाला शहरांत गेली, शेतं पडीक झाली, तसे गडगे ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११ ला अतिवृष्टी झाली, तेव्हा वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांत डोंगरावरची माती आणि दगड वाहून आले, खालच्या मजल्यांवरची दुकानं चिखलात गाडली गेली, माणसंही दगावली. युनेस्कोने १९९७ मध्ये हा किनारा जागतिक वारसा यादीत घातला, तो इथल्या निसर्गाइतकाच या मेहनतीसाठी. दगड रचण्याची ही विद्याही २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांच्या नावाने.

आता सांग, ९ ते ५ मध्ये यातलं काय दिसणार? त्या वेळेत ला स्पेत्सियाच्या बंदरात लागलेल्या क्रूझ बोटींचे प्रवासी आणि दुरून एका दिवसासाठी आलेले जथे, सगळे याच फलाटांवर उतरतात. रंगीत घरांसमोर फोटो काढायला रांग, आइस्क्रीमला रांग, परतीच्या गाडीला चेंगराचेंगरी. संध्याकाळी ही सगळी मंडळी पांगली की गाव गावासारखं वागायला लागतं. म्हाताऱ्या बायका दाराशी खुर्च्या टाकून बसतात, पोरं चौकात चेंडू खेळतात. तुला हे बघायचं आहे, मला माहीत आहे. त्यासाठी रात्रीचा मुक्काम हवा.

मुक्काम पाच गावांत करू नकोस. तिथली घरं चढावर, लिफ्ट क्वचित, आणि बॅगा आपल्याच हातांनी वर न्यायच्या. तू आणि तुझ्यासोबत येणाऱ्या कुसुमताई, दोघींचे गुडघे मिळून एकच धड आहे. पाच गावांच्या अलीकडे लेवांतो आहे, तिथे राहा. गाव बऱ्यापैकी सपाट, वाळूचा किनारा, आणि जेनोआहून गाडीने साधारण दीड तास. तिथून मोंतेरोस्सो पुढचंच स्टेशन, आणि पुढे एका गावाहून शेजारच्या गावाला गाडीने तीन-चार मिनिटं. हा लोहमार्ग १८७४ चा. त्याआधी इथे यायचं तर होडीने नाहीतर खेचराच्या वाटेने.

लेवांतोत राहण्याचं आणखी एक कारण. जुना लोहमार्ग किनाऱ्याने जायचा, नंतर तो आत डोंगरात हलवला. रिकाम्या बोगद्यांतून आता बोनास्सोलामार्गे फ्रामुरापर्यंत चालायची आणि सायकलची वाट केली आहे, साधारण साडेपाच किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. आत भर दुपारीही गार हवा आणि ओल्या दगडाचा वास. चालता चालता मधेच उजेड येतो आणि डाव्या हाताला एकदम खालीच समुद्र असतो, दोन श्वास घ्यावेत तोवर पुढचा बोगदा. ही वाट तुझ्यासाठीच आहे असं समज.

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही प्रसिद्ध पायवाट मात्र सोड. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पण पायऱ्याच पायऱ्या. त्याऐवजी रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'व्हिया देल्लामोरे' चाल. जेमतेम एक किलोमीटर, कड्यात कोरलेली आणि सपाट. २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद झाली होती, २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधी काढून ठेव. कोर्निलिया उंचावर आहे, स्टेशनापासून सुमारे ३८० पायऱ्या. स्टेशनाबाहेर छोटी बस मिळते, तीच धर. एक दिवस बोटीने फीर. भिंतींची ती उतरंड समुद्रातूनच नीट दिसते. कोर्निलियाला बोट थांबत नाही, आणि समुद्र खवळलेला असेल तर बोट सुटतच नाही.

रोजच्या फेऱ्यांसाठी रेल्वेसकटचं चिंक्वे तेर्रे कार्ड घे. त्यात लेवांतो ते ला स्पेत्सिया गाड्या आणि पायवाटांचा प्रवेश, दोन्ही येतं, आणि त्या पैशातला काही भाग राष्ट्रीय उद्यानाकडे, म्हणजे वाटांच्या देखभालीकडे जातो. इतर प्रवासात कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घे. नाहीतर तिकीट असूनही दंड. चपला घालून पायवाटेवर जाऊ नकोस, त्यालाही दंड आहे.

कधी यायचं? जुलै-ऑगस्ट नकोच, ऊनही फार आणि माणसंही. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धर. द्राक्षांची तोडणी चालू असते, आणि उतारावर एका रुळावरून चालणारी छोटी गाडी क्रेट भरभरून ने-आण करताना दिसेल. ऑक्टोबर संपत आला की पावसाचं भय. हवामानाचा इशारा लागला की पायवाटा बंद करतात.

शाकाहारी खाण्याची काळजी नको. फारिनाता रोज खा. छोल्यांचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत खरपूस भाजलेलं. वरून नुसती मिरपूड. फोकाच्चा हा इथला न्याहारीचा पाव, तोही चालेल. पेस्तो या चटणीचं जेनोआ हे माहेर, पण त्यात चीज असतं, आणि ते बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं. कुसुमताईंना हे आधीच सांग, त्यांनी काय ते ठरवावं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नकोस. मोठ्यांसाठी फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच.

तेव्हा असं कर. मिलानचे दोन्ही दिवस काढून टाक, रोमचा एक काप, आणि लेवांतोत चार रात्री घाल. मिलानमध्ये तुला दुकानं दिसतील, ती पुण्यातही आहेत. विमानाचं तिकीट काढण्याआधी लेवांतोतली खोली ठरव, सप्टेंबरात खोल्या लवकर भरतात. उत्तर या आठवड्यात दे.

तुझी भाची,
मीनू