दम आणि शिवी

कबड्डी हा कानाने खेळला जाणारा खेळ आहे असे म्हटले तर क्रीडाशिक्षक हसतील. पण नियमपुस्तक आमच्या बाजूने आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ हा शब्द स्पष्ट आणि अखंड उच्चारत राहिले पाहिजे. दम तुटला की पंच त्याला परत पाठवतो आणि प्रतिपक्षाला गुण मिळतो. पंचाला डोळ्यांइतकेच कान लागतात ते यामुळे. म्हणूनच शालेय सामन्यात शिवी दिली गेल्यावर ‘आम्ही ऐकलेच नाही’ असे म्हणणारा पंच आम्हांला कोड्यात टाकतो.

राधानगरी तालुक्यातील शालेय सामने आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत. कोल्हापुरी बोलीत शिवी ही नेहमीच शिवी नसते, हे इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. जो शब्द परक्याच्या तोंडून आला तर डोकी फुटतील, तोच मित्राच्या तोंडी ‘ये, बस’चे काम करतो. पकडीतून निसटताना गुडघा सोलवटलेल्या मुलाचा अपशब्द हा तर केवळ वेदनेचा उद्गार. अशा प्रत्येक शब्दावर कार्ड दाखवू लागल्यास सामना चालायचाच नाही. अर्थ कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी बोलतो यावर ठरतो, हे आपण साहित्याच्या वर्गात शिकवतोच. पंचानेही तेवढेच पाहावे : हा उद्गार आहे की संबोधन? स्वतःच्या चुकीवर चरफडणे निराळे, आणि समोरच्याचे नाव पुसून तिथे शिवी ठेवणे निराळे.

मात्र संदर्भाची ही सवलत एका ठिकाणी संपते. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने एका मुलाला हलक्या आवाजात जातीवरून हाक मारलेली आम्ही रेषेबाहेरून ऐकली. पंच आमच्याहून जवळ होते. त्यांची शिट्टी वाजली ती त्या मुलाने धक्का दिल्यावर. पिवळे कार्ड त्यालाच मिळाले आणि नियमाप्रमाणे दोन मिनिटे तो बाहेर बसला. ज्याने शब्द उच्चारला तो पुढच्या चढाईला गेला. त्याचा दम मात्र पंचांनी बारकाईने ऐकला.

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जगाने असेच काहीसे पाहिले. मातेराझ्झी काहीतरी बोलला, झिदानने त्याच्या छातीवर डोके आपटले आणि तो बाहेर गेला. पुढे फिफाने झिदानवर तीन आणि मातेराझ्झीवर दोन सामन्यांची बंदी घातली. धक्क्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण शब्दाची दखल घ्यायला तिथे निदान ‘नंतर’ होते. शालेय सामन्याला ते नसते. सामना संपतो, मुले एस्टीने आपापल्या गावी जातात आणि तो शब्द त्या एकट्या मुलाबरोबर घरी जातो.

आमच्या मते पंचाचे काम पहिल्या चढाईआधी सुरू व्हावे. दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून, मुलांच्याच बोलीत, काय चालणार नाही ते सांगावे. तोंडातून सुटलेल्या शब्दाला कर्णधारामार्फत समज पुरे. प्रतिस्पर्ध्याला उद्देशून शिवी आली तर हिरवे कार्ड, पुन्हा आली तर पिवळे. जातीवरून बोलणाऱ्याला थेट लाल, आणि गुणपत्रकात त्याची नोंद. रेषेबाहेरून ओरडणाऱ्या मोठ्यांनाही तोच न्याय लावावा, कारण मुलांचे शब्द बहुधा तिथूनच येतात. आणि हे सारे करताना पंचाने स्वतः ‘ए गाढवा’ म्हणू नये.

ही अपेक्षा फार मोठी आहे असे आम्हांला वाटत नाही. राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून आले. त्याच महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्यांना त्या काळी सारा दरबार अंगावर घ्यावा लागला असेल. पंचाला फक्त खिशातले कार्ड काढायचे आहे, तेही वेळेवर.