अशिलाला विचारायचं नसतं

प्रिय 'द केस ऑफ द हाउलिंग डॉग',

वयानं तू माझ्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. ते १९३६चे, तू १९३४चा. म्हणजे तुला अहो-जाहो करायला हवं. पण सिनेमाला आपल्याकडे कोणी अहो म्हणत नाही, आणि ज्याच्यासाठी तीनदा रात्र जागवली त्याला परकं तरी कसं करायचं?

तुझ्यातलं ते कुत्रं आमच्या वाईत रडलं असतं, तर आजीनं पहिल्याच रात्री उठून अंगणात काठी आपटली असती. कुत्रं रडलं की आळीतलं कोणीतरी जाणार, ही तिची ठाम समजूत. मला वाटायचं, ही समजूत कृष्णाकाठापुरतीच असणार. तर तुझ्यात आर्थर कार्टराइट नावाचा घाबराघुबरा, पैसेवाला माणूस कॅलिफोर्नियातल्या बड्या वकिलाच्या कचेरीत येतो आणि आजीचंच म्हणणं मांडतो. शेजाऱ्याचं कुत्रं रडतंय, हे मरणाचं लक्षण आहे, काहीतरी बंदोबस्त करा. आणि हो, मृत्युपत्रही करायचंय, सगळी इस्टेट त्याच शेजाऱ्याच्या बायकोच्या नावे.

दुसरा कोणी वकील असता तर त्यानं याला डॉक्टरचा पत्ता दिला असता. पेरी मेसन मात्र त्याचं नीट ऐकून घेतो. पडद्यावरचा हा पहिलाच पेरी मेसन, आणि तो पहिल्यांदा हातात घेतो ती तक्रार कुत्र्याची. मला हे फार आवडलं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, साताऱ्यातल्या चाळीस वर्षांच्या वकिलीत बांधाचा दगड, आंब्याची फांदी, शेजारच्या परसातलं सांडपाणी यांतूनच पुढे डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. खून एकदम होत नाही, तो आधी किरकोळ तक्रारीच्या रूपात वकिलाकडे येऊन जातो.

आता तुझी गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवटासकट सांगणार आहे. नव्वद वर्षं उलटून गेल्यावर रहस्य फोडल्याचा गुन्हा मुदतबाह्य झाला असं मी धरून चालतो.

शेजारी क्लिंटन फोली. त्याच्या घरात 'मिसेस फोली' म्हणून राहणारी बाई मुळात कार्टराइटचीच बायको, फोलीनं पळवून आणलेली. फोलीची खरी बायको बेसी वेगळीच, नवऱ्याच्या मागावर आलेली. बघता बघता कार्टराइट गायब, ती बाईही गायब. मग एका रात्री फोली आपल्या घरात गोळी लागून मरून पडलेला सापडतो आणि शेजारी त्याचा अल्सेशियन, तोही गोळीनंच मेलेला. बेसी टॅक्सीनं तिथं आलेली असते. पोलीस तिला धरतात, मेसन तिचं वकीलपत्र घेतो.

बेसीच्या भूमिकेत तू मेरी अ‍ॅस्टरला घेतलंस. या बाईचा चेहरा असा, की ती खरं बोलत असतानाही आपल्याला शंका यावी आणि खोटं बोलत असताना दया यावी. सात वर्षांनी 'द माल्टीज फाल्कन'मध्ये तिनं हाच चेहरा घेऊन हम्फ्री बोगार्टला खेळवलं. तिची पहिली तालीम तुझ्याकडे झाली असं मला वाटतं. आणि वॉरन विल्यम! ज्यांच्या मनात पेरी मेसन म्हणजे टीव्हीवरचा रेमंड बर, रुंद खांद्यांचा, गंभीर, गुरुजींसारखा, त्यांना हा तुझा मेसन पाहून धक्काच बसेल. नाक धारदार, मिशी बारीक, आवाज मधाळ, आणि डोळ्यांत सतत काहीतरी विकायला आणल्याची चमक. १९३२मध्ये 'द माउथपीस'मध्ये त्यानं बिलंदर फौजदारी वकील उभा केला होता. तुझ्याच वर्षी तो सेसिल डीमिलच्या 'क्लिओपात्रा'त ज्युलियस सीझर झाला. वकील, हुकूमशहा आणि ठग ही तिन्ही सोंगं एकाच माणसाला शोभावीत यातच त्याचं सगळं आलं. याच्याकडे केस द्यावी, पण पाकीट सांभाळून बसावं.

तुझा दिग्दर्शक अ‍ॅलन क्रॉसलंड. यानंच १९२७मध्ये 'द जाझ सिंगर' करून सिनेमाला बोलायला लावलं. तुझ्यातही सगळी मदार बोलण्यावर आहे. पाठलाग नाहीत, अंधाऱ्या गल्ल्या फारशा नाहीत. माणसं खोलीत येतात, बोलतात, खोटं बोलतात, जातात. सव्वा तासात खेळ खलास. हल्लीच्या वेब मालिकांना नायकाच्या बालपणीचं दुःख सांगायलाच तेवढा वेळ लागतो.

पण हे पत्र मी लिहितोय ते यासाठी नाही. तुझ्या शेवटासाठी लिहितोय.

टॅक्सीवाला हा सरकार पक्षाचा हुकमी साक्षीदार. बेसीला फोलीच्या दारात सोडणारा तो. मेसन काय करतो, तर तिच्यासारखी दिसणारी एक बाई पैसे देऊन उभी करतो आणि टॅक्सीत विसरलेला रुमाल मागायला तिला त्याच्याकडे धाडतो. टॅक्सीवाला हीच ती, असं समजून रुमाल देतो. पुढे कोर्टात ओळख पटवायची वेळ आली की त्याचं बोट चाचरणारच. मग मेसन ज्यूरीसमोर कुत्र्याचा मुद्दा मांडतो. खुन्यावर कुत्रा धावून गेला होता. इमानी कुत्रा घरच्या मालकिणीवर कसा धावून जाईल? शिवाय फोलीनंच कार्टराइट आणि त्याची बायको यांना मारून गॅरेजच्या नव्या फरशीखाली पुरलं, हेही तो उकरून काढतो. मेलेला माणूसच खुनी निघाल्यावर ज्यूरीचं मन कुठं झुकणार? बेसी निर्दोष सुटते.

आणि मग, सगळं संपल्यावर, मेसन बेसीला भेट म्हणून एक कुत्रा आणून देतो. तो धावत जाऊन तिला चाटायला लागतो. हा फोलीच्या घरचा खरा कुत्रा, प्रिन्स. फोलीनं कुत्रा आधीच बदलला होता. मेलेला कुत्रा दुसराच, बेसीला न ओळखणारा, म्हणजे तिच्यावर धावून जाऊ शकणारा. मेसनची सेक्रेटरी डेला स्ट्रीट हे बघते आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडतो, आपल्याही पडतो. मारलं होतं ते बेसीनंच. स्वसंरक्षणासाठी का होईना, पण तिनंच. आणि वकिलाला याची कल्पना होती.

हा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मागे जाऊन पुन्हा लावला. कारण बाकीचा पेरी मेसन मी लहानपणापासून ओळखत होतो. अण्णांच्या कपाटात ऑल इंडिया रिपोर्टरच्या जाडजूड खंडांमागे अर्ल स्टॅन्ली गार्डनरची मेसनवरची पिवळ्या पानांची पुस्तकं दडवलेली असायची, मुंबईला हायकोर्टात गेले की फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेली. नंतर टीव्हीवरचा बर पाहिला. १९५७ ते १९६६, दोनशे एकाहत्तर भाग, आणि जवळजवळ प्रत्येक भागात अशील धुतल्या तांदळासारखा. खरा खुनी उलटतपासणीत घामाघूम होऊन स्वतःच कबुली देणार. बघायला छान. पण अशील निर्दोषच असेल, तर वकिलानं त्याच्या पाठीशी उभं राहण्यात कसलं धाडस?

गार्डनर स्वतः वकील होता, हे तुझ्यात दिसतं. ऑक्सनार्ड नावाच्या गावात त्याची वकिली. चिनी वस्तीतले गरीब दुकानदार, ज्यांचं वकीलपत्र सहसा कोणी घेत नसे, ते त्याचे अशील. त्याची एक गोष्ट सांगतात. बेकायदा लॉटरीसाठी पोलीस काही चिनी दुकानदारांना धरणार अशी कुणकुण लागली, तेव्हा त्यानं म्हणे सगळ्यांना एकमेकांच्या दुकानात बसवलं. पोलिसांनी दुकानांवरून माणसं धरली आणि कोर्टात ओळख पटवताना त्यांची फजिती झाली. तुझ्यातला टॅक्सीवाला आठवतो की नाही?

मात्र तुझ्यानंतर आलेल्या पाच भावंडांवर हा गार्डनर खूष नव्हता. दोष त्याचा नाही. वॉर्नर ब्रदर्सनं तुझ्या यशावर पुढच्या तीन वर्षांत त्या मेसनचं काय काय केलं! कधी स्वयंपाकाची हौस असलेला खवय्या, कधी दारू उतरायच्या आतच केस हातात घेणारा रंगेल, आणि चौथ्या चित्रपटात तर चक्क डेलाशी लग्न. मग नट बदलले, रिकार्डो कॉर्टेझ झाला, डोनाल्ड वुड्स झाला. दुसऱ्या चित्रपटात, मायकेल कर्टिझच्या 'क्युरियस ब्राइड'मध्ये, एरॉल फ्लिन प्रेत म्हणून येतो आणि शेवटी क्षणभर जिवंत दिसतो, एवढंच काय ते लक्षात राहण्याजोगं. तुझ्यात सार्जंट होलकॉम्ब झालेला अ‍ॅलन जेंकिन्स तिथं पोलिसाची टोपी उतरवून मेसनचा हेर होतो. बदली झाली म्हणायचं.

तू सुटलास कसा, याचं मला नवल वाटतं. १९३४च्या जुलैपासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरची संहिता कडक झाली. गुन्हा करणारा मोकळा सुटता कामा नये, हा तिचा आग्रह. तू सप्टेंबरात आलास. 'स्वसंरक्षण' या एका शब्दाच्या आडोशानं तू बेसीला दारातून बाहेर काढलंस. मेसन ज्यूरीसमोर जे करतो तेच तू सेन्सॉरसमोर केलंस.

गेल्या दिवाळीत मुलीनं अमेरिकेहून तुमचा सहा भावंडांचा डीव्हीडी संच आणला. तुला अण्णांना दाखवलं. ते आता अठ्ठ्याऐंशी पार, एका कानानं ऐकू येत नाही, तरी कोर्टाचा प्रसंग लागला की खुर्चीत पुढे सरकतात. टॅक्सीवाल्याच्या प्रसंगाला त्यांनी हात वर करून सिनेमा थांबवायला लावला. "हे नाही चालायचं," म्हणाले. "सनद जाईल."

मी म्हटलं, "पण अण्णा, तुम्हीही अशिलाला 'तू केलंस का' असं कधी विचारत नव्हता."

"न विचारणं वेगळं आणि खोटी बाई उभी करणं वेगळं. साक्षीदार डळमळला तर त्याला हलवणं माझं काम. त्याला डळमळीत करून ठेवणं माझं काम नाही."

हे त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि तरी तुझा मेसन आवडायचा थांबत नाही. मला एक प्रसंग आठवतो. मी आठवी-नववीत असेन. खुनाच्या खटल्यातून संशयाच्या फायद्यावर सुटलेला एक माणूस संध्याकाळी गुळाची ढेप घेऊन घरी आला. ओसरीवर बसला, पागोटं काढलं, आणि म्हणाला, "साहेब, आता तुमच्यापासून काय लपवायचं. खरं सांगू का—" अण्णांनी त्याला तिथंच तोडलं. "सांगू नका. चहा घ्या." त्यानं चहा घेतला. गूळ अण्णांनी परत पाठवला. आईला त्याचं फार वाईट वाटलं, कारण गूळ खरोखरच चांगला होता.

त्या ओसरीवर जे थांबलं, तेच तू बोलून टाकतोस. चाटणाऱ्या कुत्र्याच्या तोंडून.

शेवटाला प्रिन्स बेसीवर झेप घेतो तेव्हा अण्णा मोठ्यानं हसले. मला वाटलं, मेसनच्या हुशारीला दाद देताहेत. तसं नव्हतं.

"अमेरिका आहे म्हणून निभावलं," ते म्हणाले. "तिकडे ज्यूरीनं एकदा सोडलं की सरकारला अपील नाही. आपल्याकडे निर्दोष सुटलेल्यावरही सरकार हायकोर्टात जातं. खुनाच्या खटल्यात नानावटीला ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, तर न्यायाधीशांनीच प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि हायकोर्टानं जन्मठेप दिलीच ना? इथं त्यानं हा कुत्रा अपिलाची मुदत संपेपर्यंत घरात बांधून ठेवला असता."

मग थोडा वेळ पडद्यावरची नावं बघत बसले. इंग्रजी नावं वाचायला त्यांना हल्ली चष्मा पुरत नाही.

"आणि भुंकला असता तर?" मी विचारलं.

"कुत्र्याला कोण विचारतंय," अण्णा म्हणाले, आणि दुसरी तबकडी लावायला सांगितली.

तुझा,
एका वकिलाचा वकील न झालेला मुलगा