तीन बंदुकांची फटफटी

मुलांनो, 'बीएसए' ही अक्षरे तुम्ही सायकलीवर वाचली असतील. त्यांचा अर्थ कधी कोणाला विचारला आहे का? मी विचारला होता. घाटकोपरला आमच्या चाळीसमोर एका मिस्त्रींचे गॅरेज होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्याकडे एक जुनी बीएसए फटफटी दुरुस्तीला येई. तिच्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चित्र होते. "उस्ताद, गाडीवर बंदुका कशाला?" मी विचारले. ते हसून म्हणाले, "बेटा, ही बंदूकवाल्यांचीच गाडी आहे."

खरेच होते ते! इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात हाताने बंदुका घडवणारे कारागीर होते. सरकारी कारखान्यात यंत्रांवर बंदुका बनू लागल्या, तेव्हा त्यांच्या पोटावर पाय आला. मग त्यांच्यापैकी काहींनी १८६१ साली स्वतःचाच यंत्रांचा कारखाना काढला. 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' हे त्याचे नाव. लढाई नसली की बंदुकांना गिऱ्हाईक नसे. म्हणून तेथे सायकली आणि १९१० पासून फटफट्याही तयार होऊ लागल्या.

१९३७ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत एका बीएसएने ताशी १०० मैलांहून अधिक वेग गाठला. अशा स्वाराला तेथे सोन्याचा तारा मिळत असे. त्यावरूनच पुढच्या गाडीचे नाव पडले, 'गोल्ड स्टार'.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सैन्याला सव्वा लाखाच्या आसपास फटफट्या दिल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यावर बॉम्ब पडले आणि रात्रपाळीचे ५३ कामगार मरण पावले. गाड्यांच्या गोष्टी सांगताना ही माणसे सहसा कोणी आठवत नाही.

युद्धानंतर बीएसए जगात आघाडीवर होती. पण पुढे जपानी गाड्या आल्या. त्यांतून तेल गळत नसे आणि बटण दाबताच त्या सुरू होत. बीएसएला मात्र किक मारावी लागे, आणि आमचे उस्ताद तर तिच्याखाली पत्र्याचा डबाच ठेवत! ज्यांच्या पूर्वजांनी यंत्राची चाहूल वेळेवर ओळखली, त्यांना या बटणाची ओळखता आली नाही. १९७३ साली कंपनी कोलमडली. पुढे कारखान्याचा बराचसा भागही पाडला गेला.

कांदिवलीचा ट्रॅक्टरचा कारखाना तुम्हांला ठाऊक असेल. त्याच महिंद्रा समूहातील कंपनीने २०१६ साली बीएसए सुमारे २८ कोटी रुपयांना विकत घेतली. हाती आले ते मुख्यतः नाव. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी गोल्ड स्टार भारतात विक्रीला आली. ती बटण दाबताच सुरू होते.