स्वेटर मानेला विचारून घ्यावा

डोंबिवलीत स्वेटर कशाला लागतो, असं विचारणारी माणसं बहुतेक दादर-पार्ल्याची असतात. त्यांनी जानेवारीत पहाटे साडेपाचच्या सुमारास आमच्या फलाटावर उभं राहून बघावं. पारा पंधरा-सोळा अंशांवर आलेला असतो, बदलापूरकडून येणाऱ्या गाडीतल्या बायका तर कानाला स्कार्फ बांधूनच उतरतात. दिवा सुटलं की मुंब्र्याच्या खाडीवरचा वारा दारातून थेट गळ्याशी येतो. मी ठाण्याला सकाळच्या पाळीला जाते, त्यामुळे हा वारा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

पण थंडी हा प्रश्नाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग कळव्यापर्यंत डब्यात चढलेला असतो. लेडीज डब्यात चहूबाजूंनी माणूस चिकटला की दहा मिनिटांत तोच स्वेटर अंगावर आग होतो. घाम फुटतो, आणि घाम फुटला की मान चावायला लागते. डोक्यावरून काढायचा स्वेटर त्या गर्दीत काढता येत नाही, कारण हात वर न्यायलाच जागा नसते. एकदा मी प्रयत्न केला तेव्हा मागच्या मावशी म्हणाल्या, “अगं, डोळा फोडशील माझा. ठाणं आलंच, जरा सोस.” ठाणं येईपर्यंत गळ्याभोवती लाल पट्टा उमटलेला असे.

आमच्या घरी या चावण्याला मान होता. आईचं ठाम मत, टोचतो तो खरा लोकरीचा. न टोचणारा स्वेटर म्हणजे पाणी घातलेलं दूध. तिच्याकडे उत्तरेच्या सहलीत घेतलेला एक मरून रंगाचा स्वेटर होता, जाड, गोल गळ्याचा, आत कुठलंही लेबल नसलेला. तोच मला पहाटेसाठी मिळाला होता. “टोचलं तर टोचू दे, ऊब आहे ना?” एवढ्यावर विषय संपायचा. मला तर वाटे, माझी कातडीच नाजूक. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, तुला लोकरीची ॲलर्जी आहे, गोळी घे.

हे सगळं मामाने एका दुपारी मोडीत काढलं. मामा ठाण्याच्या रेमंडमध्ये होता, स्पिनिंग खात्यात. ठाण्याला लोकरीची गिरणी असावी हेच मुळात गमतीचं. ही गिरणी 1925 साली सुरू झाली आणि 1944मध्ये सिंघानियांकडे आली. पोखरण रोडवरचं जेकेग्राम त्यांचंच. ज्या गावात वर्षातले दहा महिने पंखा लागतो, तिथे देशभरच्या लग्नांतल्या सुटांचं कापड निघत होतं. लोकरीचं सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवावी लागते. मामा सांगतो, आम्ही बनियनवर घामाघूम होऊन दिल्लीवाल्यांची थंडी कातत होतो. जळगाव आणि छिंदवाड्याला कंपनीचे दुसरे कारखाने उभे राहिले, ठाण्यातलं उत्पादन पुढे थांबलं, आणि आता त्या जमिनीवर टॉवर आहेत. मामा तिकडून रिक्षाने जाताना आजही उजव्या हाताला बघतो.

तर मामाने आईचा मरून स्वेटर हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “ताई, ही लोकर आहे की काथ्या?” मग मला त्याने सांगितलं ते असं. लोकर टोचते ती लोकर आहे म्हणून नाही, तंतू जाड आहे म्हणून. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुताच्या बाहेर तंतूंची टोकं निघालेली असतात. बारीक तंतूचं टोक कातडीला लागलं की वाकतं. जाड तंतूचं वाकत नाही, ते रुततं, आणि कातडीखालच्या ज्या नसा दुखणं कळवतात त्याच जाग्या होतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात हे नीट मोजून काढलं. शंभरातले साधारण पाच तंतू जरी 30 मायक्रॉनपेक्षा जाड असले, तरी बहुतेकांना टोचायला लागतं. म्हणजे पंचाण्णव तंतू सभ्य असूनही पाच जण डबा डोक्यावर घेऊ शकतात. आणि कातडी गरम, ओली असेल तर हे टोचणं आणखी जाणवतं. दिव्यापर्यंत गप्प बसणारा स्वेटर कळव्याला का चावतो, हे मला तेव्हा कळलं. खरी लोकरीची ॲलर्जी फार थोड्यांना असते. इसब असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांची कातडी आधीच चिडलेली असते. मी गोळी घेणं बंद केलं.

मामाच्या गिरणीत यायची ती मेरिनो मेंढीची लोकर, सतरा ते बावीस मायक्रॉनच्या आसपासची. सुटाच्या कापडाच्या काठावर ‘सुपर 100’ असं लिहिलेलं असतं, ते लोकरीच्या बारीकपणाचंच माप. सुपर 100 म्हणजे 18.75 मायक्रॉनपर्यंतचा तंतू, आकडा वाढला की तंतू आणखी बारीक. शिवाय वॉर्स्टेड सुतात लोकर आधी विंचरतात, आखूड तंतू काढून टाकतात, लांब तंतू एका दिशेने बसवतात. त्यामुळे बाहेर डोकावणारी टोकंच कमी राहतात. “पँट कधी टोचते का कुणाला?” मामाने विचारलं. खरंच, लग्नातला लोकरीचा सूट घालून माणसं मांडवात तासन्‌तास उभी असतात, खाजवत कुणी नाही.

आई हार मानणाऱ्यातली नाही. तिने घोंगडीचा दाखला दिला. आमचं मूळ गाव माणदेशाकडचं, घरात घोंगडी होतीच. घोंगडी टोचते आणि घोंगडीइतकं अस्सल काही नाही, असा तिचा मुद्दा. यावर मात्र मी मामाच्या आधी बोलले. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, भरड, काळी-करडी. धनगर ती डोक्यावरून घेतो, पावसात पाठीवर टाकतो, अंथरतो. खाली सदरा असतो, मुंडासं असतं. उघड्या गळ्याला घासत ती कुणी घालत नाही. भरड लोकरीला तिचं काम आहे, आणि ते काम कपड्यांच्या वरून करायचं आहे. गालिचालाही भरडच लोकर लागते, मऊ घातली तर पायाखाली चार महिन्यांत बसून जाईल. बिचाऱ्या लोकरीचा दोष एवढाच की तिला नको तिथे शिवलं.

मग मामाने स्वेटरच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. (हे करायचं तर खिडकी उघडी ठेवून करावं.) लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ती आक्रसते, ज्योतीबाहेर काढली की बहुधा विझते, आणि मागे उरलेलं काळं बोटाने चुरडलं की भुगा होतो. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. आईच्या धाग्याने दोन्ही केलं. केसाचा वास आला, आणि मणीही झाला. मामाचा अंदाज असा की, हा चिंध्यांचा माल. जुने लोकरी कपडे फाडून त्यांचं पुन्हा सूत करण्याचा मोठा धंदा पानिपतला आहे. ब्लँकेटला ते सूत उत्तम. पण फाडताना तंतू तुटतात, आखूड होतात, म्हणजे टोकं वाढतात. त्यात ॲक्रिलिक मिसळलेलं. थोडक्यात, आमच्या घरातला सर्वांत ‘खरा’ स्वेटर निम्मा प्लॅस्टिकचा होता आणि टोचत होता तो तुटक्या तंतूंमुळे. आई म्हणाली, “तुमचा गॅसच खराब आहे.”

त्यानंतर मी दिवाळी उलटल्यावर स्वेटर बघायला निघाले. स्टेशनाजवळच्या रस्त्यांवर स्वेटरवाले बसलेले असतात, त्यांचा बराचसा माल लुधियानाचा आणि बहुतेक ॲक्रिलिकचा. त्यात फसवणूक काही नाही, भावच सांगतो. ॲक्रिलिक सहसा टोचत नाही, कसर लागत नाही, मशीनमध्ये धुता येतं. पण ते घाम शोषत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही, ॲक्रिलिक एक-दोन टक्क्यांवरच थकतं. आमच्या डब्यात हे फार महत्त्वाचं. शिवाय पर्सचा पट्टा घासतो तिथे त्याला गोळे येतात, आणि महिन्याभरात खांदा म्हाताऱ्या गादीसारखा दिसतो.

विणणाऱ्या मैत्रिणीकडूनही करून घ्यायचा विचार झाला. फडके रोडच्या आसपास विणकामाचं सामान घ्यायला आम्ही दोघी हिंडलो. तिथे लोकर म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे. तान्ह्या बाळांच्या टोपड्या-मोज्यांसाठी ते चांगलेच आहेत, मऊ आणि रोज धुवायला सोपे. मैत्रिणीने आणखी एक उपयोगाची गोष्ट सांगितली: गळ्याची पट्टी वेगळ्या सुताने विणता येते. अंग लोकरीचं, गळा आणि मनगटं सुती. ज्यांच्याकडे आजीच्या हातचा टोचरा पण टाकवत नाही असा स्वेटर आहे, त्यांनी गळा उसवून हे करून घ्यावं. बाकी उपाय म्हणजे आतून कॉलरचा सुती ब्लाऊज किंवा कुर्ता. केसांचं कंडिशनर पाण्यात घालून स्वेटर भिजवला तर थोडा मऊ लागतो, मी करून पाहिलंय. पण त्याने तंतूवर नुसता थर बसतो, जाडी कमी होत नाही. दोन-तीन धुण्यांनी तो पुन्हा मूळ स्वभावावर येतो.

दारोदार येणारे काश्मिरी शालवालेही एकदा सोसायटीत येऊन गेले. पश्मिना अंगठीतून काढून दाखवली. लडाखच्या चांगथांगमधल्या बकरीची ती लोकर बारा ते सोळा मायक्रॉनची, टोचण्याचा प्रश्नच नाही. पण अंगठीतून नायलॉन, व्हिस्कोजही सुळकन जातं, तेव्हा त्या परीक्षेला फारसा अर्थ नाही. किंमत ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चहा दिला आणि शाल परत दिली.

दुकानात शिकलेली मोठी गोष्ट बोटांबद्दलची. आपण सगळे स्वेटर बोटांनी चोळून बघतो आणि ‘मऊ आहे हो’ म्हणतो. पण तळहाताची आणि बोटांच्या पेरांची कातडी जाड असते, तिला हे टोचणं कळतच नाही. कोपराच्या आतली बाजू किंवा मान, खरं तिथेच कळतं. ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानात मी एकेक स्वेटर गळ्याशी दाबून मिनिटभर उभी राहात होते. विक्रेता मुलगा आधी हसला, मग म्हणाला, “मॅडम, आरसा तिकडे आहे.” आरशाचं काही काम नव्हतं. लेबल बघितलं तर ‘वूल ब्लेंड’ एवढंच मोठ्या अक्षरांत, टक्केवारी आतल्या शिवणीत लपलेल्या कापडी पट्टीवर. तीही बघावी. एकात लोकर फक्त दहा टक्के होती, भाव मात्र मेंढीसकट लावलेला.

शेवटी घेतला तो बारीक मेरिनोचा, पातळ, पुढून बटणं असलेला. रंग मातकट, मला हवा होता तो निळा गळ्याशी पास झाला नाही. बटणांवर माझा सर्वांत जास्त जीव आहे. दिव्याला बटणं लावलेली, मुंब्र्याला वरचं एक उघडं, कळव्याला सगळी उघडी. हात वर करावे लागत नाहीत, कुणाचा डोळा धोक्यात येत नाही. पातळ असल्यामुळे ऊब कमी पडेल असं वाटलं होतं, पण आपली थंडी तासाभराची. सिमल्याचा स्वेटर डोंबिवलीत घालणं म्हणजे शिक्षाच.

धुण्याची शिस्त मात्र पाळावी लागते. गार पाणी, रिठा किंवा लोकरीसाठीचं पातळ साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर भाचीच्या मापाचा होतो. वाळवायचा टॉवेलवर आडवा पसरून, दोरीवर टांगला तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. आणि मे महिन्यात धुतल्याशिवाय कपाटात टाकायचा नाही. कसरीच्या अळ्यांना घामाचे, अन्नाचे डाग लागलेली लोकर फार आवडते, त्यात आमच्याकडचा पावसाळा. डांबराच्या गोळ्यांचा वास मला सहन होत नाही, म्हणून मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

मरून स्वेटर आम्ही टाकला नाही. सोसायटीचे रात्रीचे वॉचमन तो जाड शर्टावर, वर मफलर गुंडाळून घालतात. गळ्याला तो लागतच नाही.

या जानेवारीत मी आईसाठीही एक बारीक लोकरीचा आणला. तिने तो मानेला लावला, कोपराला लावला, दिव्याखाली धरला. “यात काही दम दिसत नाही,” म्हणाली आणि घालून देवळात गेली. आल्यावर किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी म्हणालीच, “एवढ्याशा पातळाला एवढे?”